जुने सुपरहिरो आता चालतात का? एका थिएटरवाल्याचं उत्तर

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून प्रश्न आला आहे. विचारणारे गृहस्थ गावच्या वाचनालयाचं काम बघतात. मे महिन्याच्या सुट्टीत देवळाच्या सभागृहात पोरांसाठी चार शनिवारी चार सिनेमे दाखवायचे, विषय सुपरहिरो, असा बेत आहे. समितीत दोन तट पडलेत. चाळिशीपुढचे म्हणतात, सुपरमॅन, बॅटमॅन, स्पायडरमॅन यांचे गाजलेले जुने सिनेमेच लावूया. कॉलेजातली मुलं म्हणतात, ते आता कोण बघतो, पोरं दहा मिनिटांत मोबाईल काढतील. शेवटी त्यांनी विचारलंय, 'या जुन्या सुपरहिरोंचं आजच्या प्रेक्षकाला खरंच काही वाटतं का, की आपण म्हातारेच आठवणींत रमलोय?'

आधी माझी ओळख सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. १९८८ साली मी फोंडा तालुक्यातल्या एका थिएटरात तिकीट खिडकीवर लागलो. पुढे ऑपरेटरच्या हाताखाली रिळं गुंडाळली, मग मॅनेजर झालो. ते थिएटर बंद पडल्यावर शेवटची काही वर्षं एका मल्टिप्लेक्समध्ये कुठल्या पडद्यावर कुठला खेळ किती वाजता लावायचा, हे ठरवायचं काम केलं. मी समीक्षक नाही. सिनेमा जेवढा बघितला त्याच्यापेक्षा सिनेमा बघणाऱ्यांची डोकी मागून जास्त बघितली.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, आणि समितीतलं भांडण त्याच्यामुळेच आहे. नाव चालतं का, हा एक. गोष्ट चालते का, हा दुसरा. आमच्या धंद्यात या दोन्हींची उत्तरं वेगवेगळ्या दिवशी मिळतात. नावाचं उत्तर पहिल्या शुक्रवारी मिळतं. गोष्टीचं उत्तर सोमवारच्या दुपारच्या खेळाला मिळतं, आणि पक्कं हवं असेल तर दुसऱ्या शनिवारी. २०१६ साली बॅटमॅन आणि सुपरमॅन यांना एकाच सिनेमात समोरासमोर उभं केलं होतं, आठवत असेल. जगातली दोन सगळ्यात गाजलेली जुनी नावं एका पोस्टरवर. सुपरमॅन १९३८चा, बॅटमॅन १९३९चा. पहिले तीन दिवस तुफान गेले. दुसऱ्या वीकेंडला अमेरिकेतली कमाई जवळजवळ ७० टक्क्यांनी खाली आली. म्हणजे लोक नावाला आले होते. गोष्ट बघून घरी गेलेल्यांनी शेजाऱ्याला काही सांगितलं नाही, किंवा सांगितलं ते चांगलं सांगितलं नाही.

त्यामुळे 'जुने हिरो संपले' हे कॉलेजातल्या मुलांचं म्हणणं मला पटत नाही, आणि 'जुनं ते सोनं' हेही पटत नाही. बॅटमॅनच एकदा संपला होता. १९९७ साली त्याचा असा काही सिनेमा आला की पुढची आठ वर्षं कुणी त्याला हात लावला नाही. २००५ मध्ये तो परत उभा राहिला, आणि २००८ च्या 'द डार्क नाईट'ने १०० कोटी डॉलरचा आकडा ओलांडला. माणूस तोच, टोपी तीच, गाडी थोडी वेगळी. वय अकरा वर्षांनी वाढलेलं. वयाचा दोष असता तर हे झालं नसतं.

मग दोष कशाचा असतो? इथे मला गोव्याच्या भाषेतच बोलावं लागेल, कारण याच्याहून बरा शब्द मला इतक्या वर्षांत सापडला नाही. सुपरहिरो म्हणजे राखणदार.

तुमच्या गावात राखणदार असेलच. कुठे त्याचं देऊळ असतं, कुठे नुसता वडाखाली दगड. तो रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला चुडीच्या मशालीचा उजेड दाखवतो, आणि वर्षाकाठी गाव त्याला रोट, म्हणजे जाड भाकरीचा नैवेद्य, देतं. काही गावांत वेताळाला कातड्याच्या वहाणा वाहतात, कारण फिरून फिरून त्याच्या झिजतात. ती श्रद्धा खरी की खोटी, तो वेगळा विषय. तिची मांडणी बघा. राखणदाराला शीव असते. त्याचं गाव ठरलेलं असतं. तो काहीतरी देतो, गाव त्याला काहीतरी देतं. आणि त्याची ताकद किती, हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो काल रात्री फिरला का, एवढंच विचारतात.

आता या मापाने जुने सिनेमे मोजा. १९७८ च्या 'सुपरमॅन'मध्ये ख्रिस्तोफर रीव्ह पहिल्या रात्री शहरात फिरतो तेव्हा हेलिकॉप्टरमधून पडणाऱ्या बाईला झेलतो, चोर पकडतो, आणि त्याच रात्री एका लहान मुलीचं झाडावर अडकलेलं मांजर उतरवून देतो. पृथ्वी उलटी फिरवण्याची ताकद असलेला माणूस मांजर उतरवायला थांबतो. माझ्या तरुणपणी तो सिनेमा मॉर्निंग शोला परत लागायचा. मांजराच्या जागी स्टॉलमधली माणसं हसायची, आणि ते हसणं टर उडवण्याचं नसायचं. २०२५ च्या नव्या 'सुपरमॅन'मध्ये केवढा मोठा राक्षस शहर तुडवतोय आणि हा एका खारीला उचलून बाजूला ठेवतो. मांजर आणि खार, मध्ये सत्तेचाळीस वर्षं. दिग्दर्शकाने जुन्याचीच आठवण ठेवून ते केलं असावं असं मला वाटतं, पण त्याच्या मनातलं मी कुठून सांगणार?

दोन्हींच्या मध्ये, २०१३ साली, सुपरमॅनचा आणखी एक मोठा सिनेमा आला होता. शेवटच्या अर्ध्या तासात इमारतींवर इमारती कोसळतात. दिसायला जबरदस्त, धंदाही चांगला केला, सुमारे ६७ कोटी डॉलर. पण खेळ सुटल्यावर जिन्यावर उभा राहून मी लोकांचं बोलणं ऐकायचो, ती माझी सवय. एका काकांनी मुलाला विचारलं, 'अरे, पण ते वाचवलं कोणाला?' मुलाला सांगता येईना. राखणदाराने शत्रूला मारताना गावच सपाट केलं तर त्याला रोट कोण देणार?

याच्या उलट उदाहरण म्हणजे २००४ चा 'स्पायडरमॅन २'. माझ्या मते या अख्ख्या जातीतला सगळ्यात नीट बांधलेला सिनेमा, आणि तुमच्यासाठी माझी पहिली शिफारस तीच आहे. त्यात एक आगगाडी आहे. ब्रेक गेलेले, पुढे रूळ संपलेले, आणि हा पोरगा समोर उभा राहून जाळी फेकून फेकून ती थांबवतो. थांबते तेव्हा तो बेशुद्ध होऊन पुढे कलंडतो, आणि आतले प्रवासी हात बाहेर काढून त्याला आत घेतात, डोक्यावरून हलकेच मागे नेऊन खाली ठेवतात. तोंडावर बुरखा नाही. सगळ्यांना दिसतं की हा कोवळा पोरगा आहे. दोन लहान मुलं त्याचा बुरखा आणून परत देतात, कोणाला सांगणार नाही म्हणतात. हिंदी डबिंगमध्ये मी तो खेळ किती वेळा लावला ते आता आठवत नाही, पण त्या जागी बाल्कनीतला गोंगाट दरवेळी थांबायचा. पडद्यावर तेव्हा मारामारी संपलेली असते. गावाने राखणदाराला सांभाळलं, एवढंच तिथे घडतं.

बॅटमॅनचंही तेच. २००८ च्या सिनेमात दोन बोटींतल्या लोकांना एकमेकांना उडवायचं बटण दिलेलं असतं आणि कोणीच ते दाबत नाही, तिथे गाव उभं राहतं. २०२२ च्या जवळजवळ तीन तासांच्या 'द बॅटमॅन'मध्ये शहरात पाणी शिरतं आणि शेवटी तो हातात लाल मशाल पेटवून पुढे चालतो, मागून लोक पाण्यातून वाट काढत येतात. आमच्याकडे तो खेळ लागला तेव्हा माझ्या शेजारी उभा असलेला डोअरकीपर, डिचोलीकडचा, हळूच म्हणाला, 'हो आमचो देवचार न्हय रे?' म्हणजे, हा आपला राखणदारच ना? मला त्याच्यापेक्षा नेमकं परीक्षण कुठल्या पेपरात वाचायला मिळालं नाही.

एवढं सांगितल्यावर माझ्याच म्हणण्याला छेद देणारी गोष्टही सांगायला हवी. २०१९ साली 'जोकर' आला. त्यात राखणदार नाही, शीव नाही, कोणी कोणाला वाचवत नाही. 'ए' सर्टिफिकेट. तरी जगभर १०० कोटी डॉलरच्या वर गेला, आणि आमच्याकडे पंचविशीतली मुलं रांगा लावून आली. मला बरेच दिवस ते उमगलं नाही. मग त्या वर्षी दिवाळीच्या आदल्या रात्री घरी जाताना तिठ्यावर नरकासुर बघितला. आपल्याकडे काय होतं? पोरं महिनाभर खपून वीस-पंचवीस फुटी नरकासुर करतात. दात, जीभ, डोळ्यांत दिवे, हात हलवायची मोटार. आणि कृष्ण? बाहुलीएवढा, कुठेतरी पुढ्यात टांगलेला. रात्रभर सगळे बघतात ते नरकासुराला. म्हणजे खलनायकाची ओढ काही अमेरिकेहून आलेली नाही. फक्त आपल्याकडे तो पहाटे जळतो. 'जोकर'चा दुसरा भाग २०२४ मध्ये आला आणि आपटला. त्याला कारणं बरीच असतील, गाण्यांचा सिनेमा केला हेही असेल. पण न जळलेला नरकासुर दुसऱ्या दिवशी उन्हात बघायला कोणी थांबत नाही, असं मला आपलं वाटून गेलं. ही माझी समजूत, सिद्धांत नव्हे.

आणि सगळेच जुने हिरो वाचवण्यासारखे असतात असंही नाही. आमच्या पिढीचा पहिला सुपरहिरो ना सुपरमॅन होता ना बॅटमॅन. तो होता फँटम, इंद्रजाल कॉमिक्समधला. मराठीतून निघायचं ते, आणि मराठीत त्याचं नाव काय, तर वेताळ! जंगलात कवटीच्या गुहेत राहणारा, बापाकडून मुलाकडे चालत आलेला, म्हणून लोक समजतात की तो मरतच नाही. १९३६ चा, म्हणजे सुपरमॅनच्याही आधीचा. लोलयेत आणि आमोण्याला वेताळाची देवळं असलेल्या गोव्यात आम्ही पोरं ते पुस्तक मांडीवर घेऊन बसायचो आणि दोन्ही वेताळांची डोक्यात सरमिसळ व्हायची. एवढं प्रेम असूनही १९९६ साली त्याचा सिनेमा आला आणि पडला. आज परत काढला तरी चालेल असं मला वाटत नाही. आता ती चित्रं बघितली की आधी हेच दिसतं, की एक गोरा माणूस जंगलातल्या काळ्या लोकांचा पिढ्यान्पिढ्यांचा रखवालदार होऊन बसलाय. याला नेमलं कोणी? लहानपणी हा प्रश्न पडला नाही. आता पोरं तो पहिल्या पाच मिनिटांत विचारतील. राखणदार गावातलाच लागतो. हा हिरो मला प्रिय आहे आणि तरीही तो संपला, असं म्हणताना घशात अडकतं, पण आहे हे असं आहे.

बाकीच्यांचं जे नुकसान झालं ते म्हातारपणाने नाही, भावकीने झालं. २००८ पासून मार्व्हल या कंपनीने एक सिनेमा दुसऱ्यात गुंफायचा प्रघात पाडला, आणि अकरा वर्षं तो विलक्षण चालला. २०१९ च्या एप्रिलमध्ये 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' आला तेव्हा देशात काही ठिकाणी रात्रभर खेळ चालू होते. जगभरात सुमारे २८० कोटी डॉलर. तेव्हा ते गुंफणं म्हणजे मोठ्या कुटुंबाचं लग्न होतं, लांबचे पाव्हणे बघायला मजा येते. पण लग्न आटोपल्यावरही पाव्हणे राहिले तर? पुढे मोबाईलवरच्या मालिकाही त्यात गुंफल्या गेल्या. २०२३ चा 'द मार्व्हल्स' समजायला आधीचे सिनेमे तर हवेतच, शिवाय दोन मालिका बघितलेल्या हव्यात. वास्कोहून आलेलं एक कुटुंब मध्यंतरात मला विचारत होतं, 'ही दुसरी पोरगी कोण?' मी काय सांगू? मला स्वतःला पोराने सांगितलं तेव्हा कळलं होतं. त्यातल्या मुख्य हिरोईनच्या २०१९ च्या 'कॅप्टन मार्व्हल'ने १०० कोटींहून जास्त डॉलर कमावले होते, या पुढच्या भागाने सुमारे २० कोटी. चुकीचा हिशेब करून मी त्या आठवड्यात त्याला जे खेळ दिले होते त्यातले निम्मे मंगळवारी काढून दुसऱ्या सिनेमाला दिले. सोमवारच्या दुपारी अकरा माणसं होती, त्यातली दोन एसीला आलेली.

त्यात आणखी अनेक विश्वांचं खूळ. एका जगात हिरो मेला तर दुसऱ्या जगातला आणा. मग माझ्या शिवेचं काय? ज्या गावाला दहा हजार जुळी गावं आहेत त्या गावाची राखण कोणाला महत्त्वाची वाटणार? ठळक अपवाद म्हणजे डिसेंबर २०२१ चा 'स्पायडरमॅन: नो वे होम', आणि तो अपवादच मला जास्त शिकवून गेला. त्यात आधीच्या मालिकांतले दोन स्पायडरमॅन परत येतात, एक २००२ चा, एक २०१२ चा. २००२ चा टोबी मॅग्वायर जादूच्या दारातून आत आला तेव्हा शिट्ट्या वाजल्या. मी मागे उभा होतो. शिट्ट्या पोरांपेक्षा बापांच्या जास्त होत्या. पस्तिशीतली माणसं, बाजूला दहा वर्षांचा मुलगा, आणि बाप त्याला कानात सांगतोय, 'हा माझा.' जगभरात सुमारे १९० कोटी डॉलर गोळा झाले ते काय विश्वांच्या गणितामुळे? लोकांचा जुना राखणदार दमून, थोडा पाठदुखी घेऊन परत आला होता. सिनेमात खरंच त्याच्या पाठदुखीवर बोलणं आहे.

आता कॉलेजातल्या मुलांचा मुद्दा, मोबाईल काढण्याचा. तो खोटा नाही. पण पोरं मोबाईल केव्हा काढतात ते नीट बघायला हवं. हॉलिवूडच्या सिनेमात मध्यंतर नसतं, आपण ते घुसवतो. रिळं होती तेव्हा एखादं रीळ संपलं की दिवे लावायचे, मग पडद्यावर ठोसा अर्धा उगारलेला असला तरी. एकदा तसंच झालं आणि खालून चपला आल्या. तेव्हापासून मी नवा सिनेमा आला की पहिल्या खेळाला घड्याळ घेऊन मागे उभा राहायचो आणि कोण कधी उठतो ते लिहून ठेवायचो. बाहेर जायला उठतात, आणि अलीकडे मोबाईलचा उजेड दिसतो, तो बहुतेकदा मारामारीच्या मध्यावर. तुम्हाला उलट वाटेल. पण सातव्या मिनिटाला मारामारी कुठे जाणार ते सगळ्यांना कळलेलं असतं. चिंता असलेल्या जागी, दोन माणसं हळू आवाजात बोलत असली तरी, कोणी उठत नाही.

जुन्या सिनेमांची अडचण आहे ती सुरुवातीला. १९७८ चा 'सुपरमॅन' दोन तास तेवीस मिनिटांचा, आणि हिरो निळ्या कपड्यांत कामाला लागायला त्यातला साधारण पहिला तास जातो. आधी त्याचा ग्रह, मग आईबाप, मग शेत, मग बर्फ. तेव्हा ते चाललं कारण माणूस उडताना दिसणार हीच नवलाई होती, तिच्यासाठी थांबायची तयारी होती. आता आठ वर्षांच्या पोराला सुपरमॅन उडतो हे टिफिनच्या डब्यावरून माहीत असतं. २०२५ चा सिनेमा म्हणूनच जन्मकथा दाखवतच नाही. चार ओळी पडद्यावर येतात, आणि पहिल्याच दृश्यात तो मार खाऊन आकाशातून बर्फात पडतो. हे मला फार आवडलं. गोष्ट माहीत असणं हा प्रेक्षकाचा दोष नाही, सोय आहे. पेडण्याकडे जत्रेला दशावतारी काला बघायला माणसं पहाटेपर्यंत बसतात, त्यांना काय शेवट माहीत नसतो? संकासुर राक्षस येणार हे माहीत आहे म्हणूनच पोरं पुढे सतरंजीवर जागा धरतात. कीर्तनकार रोज तेच आख्यान लावतो. माहितीचा कंटाळा येत नाही. माहीत असलेलं कोणी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सांगू लागलं की कंटाळा येतो.

याच २०२५ च्या 'सुपरमॅन'चं कौतुक करताना एक आकडा लपवायला नको. जगभरात तो सुमारे ६२ कोटी डॉलरवर थांबला, आणि त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या अमेरिकेतले. २०१३ च्या सिनेमाची निम्म्याहून जास्त कमाई बाहेरच्या देशांतली होती. म्हणजे त्यांच्या घरी सुपरमॅन परत लाडका झाला, बाहेर मात्र ओढ कमी झाली. मला याचं आश्चर्य वाटत नाही. बाहेरच्या देशांत आता ज्याचे त्याचे राखणदार तयार होतायत. केरळातला 'मिन्नल मुरली' २०२१ चा, गावातला शिंपी वीज पडून सुपरहिरो होतो. तेलुगूतला 'हनुमान' २०२४ चा, तोही एका गावाचाच. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेला मल्याळम 'लोका', त्यात तर लोककथेतली यक्षीणच आजच्या बंगळुरात राखण करते. त्यांच्याकडे यक्षीण पडद्यावर पोचली. आमचा वेताळ अजून कॉमिक्समध्ये गोऱ्या माणसाच्या नावावर अडकलाय. मराठीत २०१५ साली 'बाजी' नावाचा बुरखाधारी हिरो झाला होता, श्रेयस तळपदेचा. प्रयत्न प्रामाणिक होता. त्याच्या मागून रांग लागायला हवी होती, ती लागली नाही. असो, हे माझं वेगळं रडगाणं.

आता तुमच्या चार शनिवारांकडे येतो. बऱ्याच गोष्टी मला इथून दिसत नाहीत. पोरं किती वर्षांची, सभागृहात अंधार होतो का, स्पीकर कसे आहेत, आणि मुख्य म्हणजे भाषा कुठली. दुसरी-तिसरीतली पोरं असतील तर इंग्रजी सिनेमा खालच्या अक्षरांसह लावू नका, ती अक्षरं संपायच्या आत पुढची येतात. डब केलेला घ्या. २०२३ चा कार्टून स्पायडरमॅन, 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स', भारतात दहा भाषांत आला होता, त्यात मराठीही होती. मराठी प्रत मिळते का ते वितरकाकडे विचारा. पण सावध करतो, तो सिनेमा अर्ध्यातच संपतो, पुढचं पुढच्या भागात. आमच्याकडे दिवे लागल्यावर एक लहान मुलगी रडायला लागली होती. त्याच्या आधीचा, २०१८ चा, पूर्ण आहे. कार्टूनच हवं असेल तर तो बरा.

मी असतो तर पहिल्या शनिवारी २०१८ चा तो कार्टून ठेवला असता, म्हणजे पोरं बसायला शिकतील आणि घरी जाऊन सांगतील. दुसऱ्या शनिवारी 'स्पायडरमॅन २'. तिसऱ्या शनिवारी १९७८ चा 'सुपरमॅन', पण सगळा नव्हे. तुमच्यातल्या एखाद्या चांगल्या बोलणाऱ्या काकांनी उभं राहून पहिल्या तासाची गोष्ट दहा मिनिटांत तोंडी सांगावी आणि मग पुढचा सिनेमा लावावा. शुद्धतावादी लोक मला शिव्या घालतील. घालू देत. माझ्या नातवाला मी तसाच दाखवला. उडताना कडेला रेषा दिसतात म्हणून तो आधी हसला, आणि हेलिकॉप्टर गच्चीच्या कडेला लोंबकळायला लागल्यावर माझा हात धरून बसला. चौथा शनिवार कॉलेजातल्या मुलांना द्या, त्यांच्या आवडीचा नवा. समिती फुटणार नाही, आणि कुठला जास्त चालला ते तुम्हालाच मोजता येईल. बॅटमॅन मात्र लहानांना नको. चांगले आहेत ते सगळे काळोखाचे आहेत.

दोन कोरड्या सूचना. २०२४ पासून सर्टिफिकेटमध्ये यूए (म्हणजे लहानांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली बघायचे) ७+, १३+ आणि १६+ असे वेगळे गट आहेत, पण तुमचे जुने सिनेमे त्याआधीचे, तेव्हा नुसतं यूए बघून समजू नका, दोघातिघांनी आधी पूर्ण बघून घ्या. आणि घरच्या ओटीटीच्या खात्यावरून किंवा विकत आणलेल्या डिस्कवरून सार्वजनिक खेळ लावता येत नाही, तिकीट नसलं तरी. हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची लेखी परवानगी घ्या. वेळ लागतो, म्हणून मार्चमध्येच पत्र घाला.

मध्यंतराची जागा तुम्ही विचारली नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'स्पायडरमॅन २'मध्ये साधारण तासाभराने तो पोरगा आपले लाल-निळे कपडे गल्लीतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकतो आणि पाठ फिरवून चालू लागतो. पडदा तिथे काळा करा आणि दिवे लावा. गोळा झालेली पोरं बाहेर भज्यांच्या टेबलापाशी आपापसात वाद घालायला लागतील की आता तो परत येणार की नाही. तुम्ही काही सांगू नका.